घेतला म्हणा, मॅडम

आमच्या आत्यानं मेट्रनच्या अंगावर खुर्ची फेकली, ही बातमी गल्लीत शिरली तेव्हा एवढीच होती. भाजीवालीकडे पोचेपर्यंत खुर्ची लोखंडी झाली. केस कापणाऱ्याच्या दुकानात मेट्रनचा हात मोडला. संध्याकाळी दूधवाल्यानं काकांना कोपऱ्यात गाठून अगदी हळू आवाजात विचारलं, की वहिनी सुटून कधी येणार. काका, म्हणजे आत्याचे यजमान, पडदे शिवतात आणि त्यांच्या तोंडात कायम टाचण्या असतात. त्यांनी "म्हं, म्हं" एवढंच उत्तर दिलं. त्यावरून दूधवाल्यानं जामीन मिळाला नसल्याचा अर्थ काढला आणि तो दुधाबरोबर दारोदार वाटला.

आत्यानं खुर्ची फेकली नाही. नेली. तीही घरून. लोखंडी होती, एवढं मात्र भाजीवालीचं बरोबर होतं. काकांच्या दुकानात गिऱ्हाइकांना बसायला ठेवलेली ती घडीची खुर्ची बगलेत मारून आत्या बसमध्ये चढली. कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट लागेल. आत्यानं तिथेच खुर्ची उघडली, तिच्यावर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "तुमची एक सीट वाचली. उरलेले पैसे मला परत द्या." कंडक्टर पुढच्या दाराकडे गेला तो तिचा थांबा येईपर्यंत मागे फिरकला नाही.

आता ही बाई भरल्या बसमध्ये खुर्ची घेऊन का निघाली, हे कळायला आधी मोठ्या बाई माहीत हव्यात.

मोठ्या बाई म्हणजे आत्या सिस्टर आहे त्या हॉस्पिटलच्या जुन्या मेट्रन, सगळ्या सिस्टरांच्या वरच्या. रिकामी बादली फरशीवरून ओढत न्यावी, असा त्यांचा आवाज. प्रत्येक वाक्य "अगं बयो"नं सुरू व्हायचं आणि ऐकणारीची मान खाली गेल्यावर संपायचं. "अगं बयो, हे ड्रेसिंग आहे की पार्सल? पत्ता लिही त्यावर, टाकून देऊ पोस्टात." आत्या नवीन लागली तेव्हा रोज घरी येऊन रडायची. पण महिन्याची ड्यूटी लावायची वेळ आली की याच बाई चहाचा कप घेऊन वॉर्डात यायच्या, आणि कुणाच्या मुलाची परीक्षा आहे, कुणाची सासू अंथरुणाला खिळली आहे, कुणाचं नवऱ्याशी वाजल्यामुळे तिला नाईटच हवी आहे, हे एकेकीला विचारून मग पेन उघडायच्या. कुणाचंच सगळं मनासारखं व्हायचं नाही. पण विचारलं सगळ्यांना जायचं.

एकदा आत्याच्या हातून भर ऑपरेशनच्या आधी हत्यारांचा उकळून ठेवलेला ट्रे पडला. सर्जन असे ओरडले, की टेबलावरचा पेशंट उठून बसायच्या बेतात होता. मोठ्या बाई आल्या. आधी विचारलं, पेशंटला लागलं का. मग विचारलं, हिला लागलं का. मग सर्जनकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ओरडायचं ते माझ्यावर ओरडा. या मुलींवर ओरडायला मी आहे." आणि खरंच होत्या. चादरींच्या खोलीत नेऊन आत्याला त्यांनी अशी धुतली, की आत्या तो किस्सा अजून पदक मिळाल्यासारखा सांगते. नंतर आत्याला अधूनमधून बऱ्या पगाराच्या नोकऱ्या चालून आल्या. ती हसून सोडून द्यायची. का, असं विचारलं की म्हणायची, "तिथे मला शिव्या कोण देणार?"

मोठ्या बाईंनी वॉर्डाला एक रीत लावली होती. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला वॉर्ड समजावून देते, त्याला ओव्हर देणं म्हणतात. बाकी ठिकाणी हे टेबलाशी उभ्या उभ्या उरकतात. आत्याच्या वॉर्डात मात्र दोघींनी मिळून खाटेखाटेशी जायचं. पेशंटच्या देखत सगळं सांगायचं आणि शेवटी त्याला म्हणायचं, "आता या तुमच्या." सगळ्या खाटा झाल्या, की येणारीनं मोठ्यानं म्हणायचं, "घेतला." हा शब्द कानावर पडेपर्यंत जाणारीनं चपला बदलायच्या नाहीत, मग घरी आग लागलेली असो.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि नव्या मेट्रन आल्या. कडक इस्त्री, बारीक चष्मा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला "ठीक?" उत्तराची वाट न बघता पुढचं वाक्य. "उद्यापासून सगळ्यांनी वेळेवर यायचं, ठीक? कारणं मला सांगायची नाहीत, ठीक?" वॉर्डातले मामा, म्हणजे स्ट्रेचर ढकलणारे, साफसफाई बघणारे आणि सगळ्यांच्या बातम्या ठेवणारे, यांनी आठवड्याच्या आत त्यांचं नाव ठीक मॅडम ठेवलं.

ठीक मॅडमनी ड्यूटी ऑफिसात बसून लावायला सुरुवात केली. आदल्या संध्याकाळी चार्ट बदलायचा. सकाळी येऊन बघावं तर आपण भलत्याच वॉर्डात. कुणी बोलायला गेलं की एकच शब्द तोंडावर यायचा. "मला तुमच्यात कमिटमेंट दिसत नाही, ठीक?" सुट्टी मागितली, कमिटमेंट नाही. ताप आला, कमिटमेंट नाही. मामा म्हणायचे, औषधांच्या कपाटात ही कमिटमेंट नावाची बाटली कुठे मिळते का बघा, चमचा चमचा घेऊन टाकू सगळे.

मग एक दिवस सिस्टरांच्या टेबलामागच्या खुर्च्या गेल्या. बसलेली सिस्टर दिसली की लोकांना वाटतं इथे काम नाही, असं मॅडमचं म्हणणं. दोघी सोडून गेल्या. त्यांच्या जागी कुणी आलं नाही, म्हणून उरलेल्यांच्या पाळ्या लांबल्या, म्हणून आणखी एक गेली. उरलेल्यांत सगळ्यात लहान होती ती चिमणी. हे आत्यानं ठेवलेलं नाव, कारण ती दोन घास खाऊन पोट भरलं म्हणायची. एका दुपारी ती सलाईनच्या स्टँडला डोकं टेकवून उभ्या उभ्या झोपली आणि स्टँडसकट खाली आली. हातावर मोठा काळानिळा डाग. मॅडमनी तिला बोलावून विचारलं, स्टँड मोडला का.

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तेव्हा. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची घेऊन बसमध्ये चढली.

तिनं ती टेबलामागे मांडली आणि चिमणीला खांद्याला धरून बसवलं. मॅडम राऊंडला आल्या. खुर्चीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. हॉस्पिटलची खुर्ची इथे चालणार नाही असं सांगितलंय ना, ठीक? आत्या म्हणाली, "ही हॉस्पिटलची नाहीच. ही आमची आहे. हॉस्पिटलच्या खुर्चीबद्दलचा तुमचा नियम अगदी पाळलाय." मॅडमनी चष्मा काढला, पुसला, घातला. त्यावर त्यांच्याकडे नियम नव्हता. तेवढ्यात चिमणी दचकून उठली, खुर्ची आडवी झाली आणि फरशीवर मोठा आवाज झाला. गल्लीत पोचला तो हा आवाज. खुर्ची मात्र वॉर्डातच राहिली.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आत्याला नवीन नोकरी चालून आली होती. तिच्याच वॉर्डात शिकलेल्या एका डॉक्टरनं त्वचेचा दवाखाना काढला होता. काचेचं दार, आत गार हवा, पगार इथल्यापेक्षा बरा आणि चाकांची खुर्ची. नाईट नाही, रविवारी सुट्टी. डॉक्टर म्हणाला, सिस्टर, तुमच्यासाठी जागा धरून ठेवतो, पण महिनाअखेरीपर्यंतच. घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं. आजी म्हणाली, पायांच्या शिरा बघ आधी, मग विचार कर. काकांनी तर एकदा टाचण्या हातात काढून पूर्ण वाक्य बोलून दाखवलं, "अगं, बस आता." ते वर्षातून फार थोड्या वेळा पूर्ण वाक्य बोलतात.

आत्या हो-नाही करत राहिली. रागाचं तिला काही नव्हतं, राग ती पोळ्या लाटताना काढून टाकायची. अडकायची ती एकाच जागी. मोठ्या बाईंसाठी ती राहिली होती हे खरं, पण मोठ्या बाई आता तिथे नव्हत्या. मग ती कुणासाठी राहत होती? याचं उत्तर सापडेना, म्हणून तिनं ठरवलं की जायचं. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळची पाळी होती. दुपारी सुटलं की काका फाटकाशी येणार आणि दोघं मिळून दवाखान्यात होकार द्यायला जाणार.

दुपारी पाळी संपली आणि ओव्हर घ्यायला कुणीच आलं नाही.

यायची होती चिमणी. तिला आदल्या संध्याकाळी मॅडमनी परस्पर दुसऱ्या वॉर्डात टाकलं होतं आणि इथे कुणाला लावायचं ते राहून गेलं होतं. आत्यानं ऑफिसात फोन केला. मॅडम म्हणाल्या, मग तुम्हीच थांबा, ठीक? फोन ठेवला गेला. आत्यानं पुन्हा लावला आणि सांगितलं, की आज जमणार नाही, मी निघते आहे. आता मात्र मॅडम स्वतः आल्या. टकटक टकटक, वॉर्डाच्या दारापर्यंत. पेशंट उठून बसले. मामांनी फडकं हातात घेतलं, कारण फडकं हातात असलं की माणूस कुठेही उभा राहून ऐकू शकतो.

"वॉर्ड टाकून जाणार तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "हीच का तुमची कमिटमेंट?"

त्यांना पक्कं ठाऊक होतं, की असं म्हटलं की सिस्टर थांबते. प्रत्येक वेळी प्रत्येक जण थांबली होती. पेशंट उघड्यावर टाकून कुणाचा पाय निघत नाही, आणि सगळा कारभार नेमका त्या पायांवर चालला होता.

"टाकून नाही जाणार," आत्या म्हणाली. "देऊन जाणार. तुम्ही पण सिस्टरच आहात ना? घ्या ओव्हर."

मामांचं फडकं थांबलं. मॅडमनी इकडेतिकडे बघितलं. सगळा वॉर्ड त्यांच्याकडे बघत होता, उशीवरून, कोपरावरून, एक जण टांगलेल्या पायाच्या फटीतून. नाही म्हणायला एकच मार्ग होता, मी सिस्टर नाही असं म्हणणं. ते काही त्यांच्या तोंडातून निघेना.

आत्या पहिल्या खाटेकडे चालू लागली. दाराजवळच्या आजोबांचा हात रिकामा राहिला की पोटातल्या नळीकडे जातो, म्हणून हातात सतत रुमाल द्यायचा. पुढचे मास्तर गोळीचं नाव आणि काम सांगितल्याशिवाय तोंड उघडत नाहीत, आणि चुकीचं सांगितलं तर दुरुस्त करतात. पाय टांगलेला ट्रकवाला सुई बघितली की बडबड करत सुटतो, करू द्यायची. मॅडम पहिल्या दोन खाटांशी "ठीक, ठीक" म्हणत होत्या. तिसऱ्या खाटेशी एकदाच म्हणाल्या. चौथ्या खाटेवर एक अबोल माणूस होता. तो काही दुखत नाही म्हणायचा, आणि चादर मुठीत आवळायचा. आत्या त्याच्याबद्दल सांगत होती, तेवढ्यात मॅडम खाली वाकल्या, त्याचा सलाईन लावलेला हात उचलून बघितला आणि म्हणाल्या, सुई सरकलीये, हात सुजतोय. बोलता बोलता त्यांनी सलाईन बंद केलं, सुई काढली, मामांकडून ट्रे घेतला आणि दुसऱ्या हाताला नवी सुई लावून मोकळ्या झाल्या. त्या माणसाची मूठ आवळलीसुद्धा नाही.

मॅडमचा हात सुरेख होता. आत्याला ते कबूल करावं लागलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. हा हात घेऊन ही बाई दिवसभर ऑफिसात बसून खुर्च्या मोजते?

प्रत्येक खाटेशी आत्या पेशंटला सांगत होती, "आता या तुमच्या." शेवटची खाट झाली. मॅडम म्हणाल्या, "ठीक."

"ठीक नाही," आत्या म्हणाली. "घेतला म्हणा, मॅडम."

मास्तरांनी आपल्या खाटेवरून, वर्गात सांगावं तसं सांगितलं की मोठ्यानं म्हणायचं असतं.

"घेतला," मॅडम म्हणाल्या.

आत्यानं चपला बदलल्या.

फाटकाशी काका उभे होते. दवाखान्याचं काचेचं दार इतकं स्वच्छ होतं, की काका त्याला धडकले. आत गार होतं. डॉक्टर उठून उभा राहिला, सिस्टर सिस्टर करत त्यानं सगळं दाखवलं आणि आत्याला चाकांच्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची फार मऊ होती. आत्यानं एक गिरकीही घेतली. मग विचारलं, इथे ओव्हर कुणाला द्यायची? डॉक्टर हसला. इथे कुणाला काही द्यायचं नाही, संध्याकाळी दिवे बंद करायचे, कुलूप लावायचं, घरी जायचं. आत्यानं पाय टेकवून खुर्ची थांबवली. मग उठली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, दवाखाना छान आहे, पण मी येत नाही.

रस्त्यावर काकांनी काही विचारलं नाही. टाचण्या नसतानाही. शेवटी आत्याच बोलली.

"मी गेले तर ती म्हणणार, बघा, कमिटमेंट नव्हतीच. एवढी स्वस्तात मी तिची हौस पुरवणार नाही. तिच्यासाठी मी राहत नाही हो, मोठ्या बाईंसाठीही नाही. तो वॉर्ड मी घेतलाय. तिला माझा त्रास होत असेल तर तिनं जावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दारातच उभे होते. पोटात बातमी मावत नव्हती. सिस्टर लोकांत एक शब्द ड्यूटीवर उच्चारायचा नसतो. तो उच्चारला की आभाळ कोसळतं, अशी सगळ्यांची खात्री आहे. मॅडम ऑफिसात राहून ते विसरल्या होत्या. आत्या गेल्यावर त्यांनी वॉर्डावर एक नजर फिरवली आणि म्हणाल्या, "आज वॉर्ड शांत आहे, ठीक?" ट्रकवाल्यानं डोक्यावर चादर घेतली. मामा म्हणाले, मी पळतच जाऊन स्ट्रेचर काढून ठेवलं. आणि चहा निवायच्या आत अपघाताचे पेशंट आले, एकामागून एक. मॅडम धावल्या. मामा शपथेवर सांगत होते, की पूर्ण संध्याकाळ त्यांच्या तोंडून एकदाही "ठीक" निघालं नाही, वेळच नव्हता. दिवे लागले तेव्हा नाईटची सिस्टर आली आणि बघते तर काय, ठीक मॅडम काकांच्या लोखंडी खुर्चीवर बसलेल्या, बूट काढून, एका पायानं दुसरा पाय चोळत. तशाच उठून त्यांनी तिला ओव्हर दिली. खाटेखाटेशी जाऊन. आणि ती "घेतला" म्हणेपर्यंत बूट घातले नाहीत.

सकाळी त्या वॉर्डात आल्या तेव्हा आत्या तयारीत होती. माफीबिफी काही झाली नाही. मॅडम म्हणाल्या, पुढच्या महिन्याची ड्यूटी लावायची आहे, कुणाला काय अडचण आहे? आत्यानं क्षणभर कान खाजवला. मग म्हणाली, बसा, सांगते, वेळ लागेल.

त्यानंतर सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. हॉस्पिटलच्या खुर्च्या परत आल्या नाहीत, एक बाक आला, तोही डगमगता. मीटिंगमध्ये कमिटमेंट अजून निघते, फक्त आता ती निघाली की आत्या बोलायला हात वर करते. चिमणी गेलीच. तिनं थांबावं म्हणून आत्यानं एक शब्द काढला नाही, उलट त्या काचेच्या दाराच्या डॉक्टरला फोन करून तिच्यासाठी जागा मागून घेतली, आणि तिला बजावलं की जेवणाच्या सुट्टीत पूर्ण जेवायचं. आणि मॅडम? आठवड्यातून एखाददुसऱ्या दुपारी त्या स्वतः येऊन ओव्हर ऐकतात. त्यांचं आणि आत्याचं जमत नाही. खाटेशी उभ्या राहून दोघी ज्या भांडतात ते ऐकायला ट्रकवाला बरा झाल्यावरही एकदा भेटीच्या वेळेत येऊन गेला.

राहिलं एक. आत्या दवाखान्यात होकार द्यायला जाणार त्या सकाळी मी तिच्याशी पैज लावली होती. मी म्हटलं, तू चाकांची खुर्ची सोडून परत येणं शक्यच नाही. आलीस तर वर्षभर मी कुणाची नक्कल करणार नाही. मोठ्या बाईंची नाही, ठीक मॅडमची नाही, काकांच्या टाचण्यांचीसुद्धा नाही. आत्या म्हणाली, विचार कर. मी म्हटलं, केला. मी हरले. गेले कित्येक दिवस घरात माझं तोंड शिवल्यासारखं बंद आहे आणि सगळ्यांना फार बरं वाटतंय. पण लिहायचं नाही असं पैजेत कुठेही ठरलं नव्हतं, ठीक?